नवा प्रोसेसर येतोय म्हणून थांबायचं का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

“मी टॉवेल आणि चादरींची जकार्ड (मागावर नक्षी विणणारी यंत्रणा) डिझाइनं करून देते. घरातल्याच एका खोलीत काम चालतं, लागूनच यंत्रमागांचा गाळा आहे. संगणक २०१७ चा आहे. इंटेल कोअर आय५ ७४००, एच११० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क आणि विंडोज १०. सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं जातात. डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि चित्रं काढायचं कोरल एकत्र उघडलं की सगळं अडकतं. सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर चालतं. मॉनिटर सोडून ६० हजारांपर्यंत खर्च करू शकते. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, ‘आत्या, थांब, वर्षअखेरीस इंटेलचा ५२ कोअरचा प्रोसेसर येतोय, आत्ता घेतलास तर पैसे पाण्यात.’ दुकानदार म्हणतो, आजच एआयवाला प्रोसेसर घ्या. दुरुस्तीला येणारे काका म्हणतात, आठव्या पिढीचा जुना प्रोसेसर मिळतो, तो टाकला की झालं. मी कुणाचं ऐकू?”

ताई, तिघांच्याही बोलण्याकडे येऊ. त्याआधी तुमचा संगणक नेमका कशापाशी अडतो ते बघा. त्याला दहा मिनिटं पुरतात आणि खर्च काही नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. ती खिडकी बाजूला उघडी ठेवून नेहमी रखडणारं काम करा, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि कोरल दोन्ही उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली आणि प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर असला, तर दोष हार्डडिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर गेली, तर रॅम अपुरी. त्या वेळी विंडोज उरलेला भार डिस्कवर ढकलतं, म्हणून डिस्कही सोबत शंभरावर जाते. प्रोसेसरचा आकडा मात्र जपून वाचा. तुमच्या ७४०० ला चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत आणि थ्रेडही (एका वेळी चालणारी कामं) चारच, त्यामुळे एकच कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. आलेखावर उजवी क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, मग चार वेगळे चौकोन दिसतील. त्यातला एक सतत छताला टेकलेला असेल आणि डिस्क, मेमरी निवांत असतील, तरच म्हणा की प्रोसेसर कमी पडतोय.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून आमचा अंदाज असा की सुरू होतानाची चार-पाच मिनिटं हार्डडिस्क खाते आणि दोन सॉफ्टवेअर एकत्र उघडल्यावर ८ जीबी रॅम संपते. हार्डडिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १००-१५० एमबी देते, पण विंडोज सुरू होताना लागतात हजारो छोट्या, विखुरलेल्या फाइली. त्या वाचताना तिची गती सेकंदाला १ एमबीपर्यंतही पोचत नाही. पुढच्या वर्षीचा कितीही ताकदीचा प्रोसेसर लावा, या डिस्कपुढे तोही ताटकळत बसेल.

आता तुमच्या कामाचा हिशेब करू. २६८८ हुकांचं (उभे धागे उचलणाऱ्या आकड्यांचं) डिझाइन घ्या आणि त्यात ४००० आडव्या धाग्यांचा रिपीट धरा. २६८८ गुणिले ४००० म्हणजे साधारण १ कोटी ७ लाख चौकटी. दर चौकटीला एक बाइट धरला तर फाइल दहा-अकरा एमबीची. आजच्या कुठल्याही प्रोसेसरसाठी हे ओझं नाही. जड कामं ठरावीक आहेत: फोटोवरून रंग कमी करून डिझाइन बनवणं, विणलेल्या कापडाचं सिम्युलेशन दाखवणं, कोरलमध्ये मोठ्या चित्राचं व्हेक्टर करणं. आणि जकार्डची बरीचशी सॉफ्टवेअरं, विशेषतः जुनी, एका वेळी एकच कोअर राबवतात. सूत एकाच मागापुरतं असेल तर गाळ्यात ५२ माग बसवून कापड वाढत नाही. तुम्हाला हवा तो एकेक कोअर वेगवान असलेला, मध्यम आकाराचा प्रोसेसर.

काकांचा उपाय आधी बाजूला ठेवते, कारण त्यात पैसे बुडतात. आठव्या पिढीचा इंटेल तुमच्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेत बसतो. नाव तेच, एलजीए ११५१, खाचाही जुळतात. पण इंटेलने आठव्या-नवव्या पिढीसाठी पिनांवरची वीजजोडणी बदलली आणि त्या चिपांना ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. एच११० वर चिप बसेल, पंखा फिरेल आणि पडदा काळाच राहील. बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) फेरफार करून, पिना जोडून तो चालवणारेही आहेत. ज्या यंत्रावर पोट आहे त्यावर असले प्रयोग नकोत. तुमच्या बोर्डावर रीतसर चढणारा मोठा प्रोसेसर म्हणजे सातव्या पिढीचा आय७ ७७००, चार कोअर आणि आठ थ्रेडचा. त्यानेही मुख्य अडचण सुटत नाही. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, मोजके अपवाद सोडले तर सातवी त्या यादीत नाही, तुमचा ७४०० ही नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्याच संगणकावर तुम्ही बँक आणि जीएसटीचं काम करत असणार, तेव्हा यंत्र बदलायची खरी मुदत ही तारीख आहे. भाचा सांगतो ती नव्हे.

भाच्याची बातमी मात्र हवेतली नाही. इंटेलने स्वतः सांगितलं आहे की नोव्हा लेक नावाची पुढची पिढी २०२६ च्या अखेरीस येईल. एएमडीनेही झेन ६ हे नाव आपल्या आराखड्यात दाखवलेलं आहे. इतकं कंपन्यांच्या तोंडून आलेलं. ५२ कोअर, नवं सॉकेट, अमुक टक्के वेग, हा भाग फुटलेल्या बातम्यांचा. ५२ हा आकडा उद्या खरा ठरला तरी तो सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग चिपचा असणार. ६० हजारांत पूर्ण संगणक घेणाऱ्याच्या वाट्याला ती चिप येत नाही.

आणि तारखांचा जुना हिशेब बघा. इंटेलची बारावी पिढी नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, पण ती ‘के’ अक्षराच्या महाग चिपांची. सर्वसामान्यांचा आय५ १२४०० आणि स्वस्त बोर्ड आले जानेवारी २०२२ मध्ये. तेरावी ऑक्टोबर २०२२ मध्ये, तिचा १३४०० जानेवारी २०२३ मध्ये. चौदावी ऑक्टोबर २०२३ मध्ये, १४४०० जानेवारी २०२४ मध्ये. कोअर अल्ट्रा २०० मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये, तिच्या साध्या चिपा जानेवारी २०२५ मध्ये. एएमडीचंही तेच: रायझन ७००० सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, परवडणारा रायझन ५ ७६०० जानेवारी २०२३ मध्ये आणि सगळ्यात स्वस्त ए६२० बोर्ड त्याहीनंतर. म्हणजे ‘वर्षअखेरीस येतोय’ याचा तुमच्यापुरता अर्थ जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उलटून गेल्यावर, तोही सगळं वेळेवर झालं तर. पुढे तो माल सोलापुरातल्या दुकानात स्थिर भावाने मिळायला आणखी काही आठवडे. तेवढ्यात विंडोज १० ची मुदत उलटून गेलेली असेल.

अशी बातमी पुन्हा कानावर आली तर ती कुठून आली हे आधी बघा. कंपनीने व्यासपीठावरून किंवा आपल्या आराखड्यात सांगितलेलं पक्कं, तरी त्यातलं ‘अमुक टक्क्यांपर्यंत’ हे सर्वांत चांगल्या एका चाचणीचं असतं. लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) किंवा प्रोग्रॅम तयार करणाऱ्या कंपायलरमध्ये इंटेल-एएमडीचे अभियंते नव्या चिपचा आधार आधीच घालून ठेवतात; त्यातून चिप आहे एवढं कळतं, भाव आणि तारीख कळत नाही. बोर्ड कंपनीच्या बायोस नोंदीत नव्या चिपचं नाव आलं तर ती त्या बोर्डावर चढेल, आणि ही माहिती खरेदीदाराच्या सर्वांत उपयोगाची. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या साधनाचे फुटलेले आकडे बहुधा चाचणीच्या नमुन्याचे असतात, त्यात घड्याळाचा वेग अंतिम नसतो. दुकानांच्या संकेतस्थळावर आधीच झळकणारे भाव जागा भरण्यापुरते टाकलेले असतात. ‘पन्नास टक्के वेगवान’ असं लाल अक्षरांत लिहिलेल्या व्हिडिओवरून कुणी बेत ठरवू नये.

वाट पाहून हाती काय आलं, याचेही दाखले ताजे आहेत. कोअर अल्ट्रा २०० मालिकेबद्दल बरीच हवा होती. प्रत्यक्षात वीज कमी लागली, पण अनेक गेममध्ये ती स्वतःच्याच चौदाव्या पिढीच्या मागे पडली. अॅपलच्या आयमॅकची गोष्ट तर आणखी बोलकी. एप्रिल २०२१ मध्ये एम१ चा आयमॅक आला. लोक एम२ च्या आयमॅकसाठी थांबले आणि तो आलाच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये थेट एम३ आला. अडीच वर्षं जुन्या यंत्रावर काम रेटलेल्यांना तो वेळ परत मिळाला नाही. (मॅक मिनीचा विचार कुणी सुचवला तर तुमच्यासाठी तो नको: तुमचं डोंगलचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे आणि त्या यंत्रात रॅम नंतर वाढवता येत नाही.)

थांबण्याची एक किंमतही आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढत गेले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा मोठा वाटा उचलला. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. प्रोसेसर स्वस्त होईल म्हणून थांबलं आणि रॅमने तेवढेच पैसे ओढून घेतले, असं होऊ शकतं. म्हणून कोटेशन मागताना आधी रॅमचा भाव विचारा.

दुकानदाराच्या ‘एआय’बद्दल थोडक्यात. कोअर अल्ट्रा २०० च्या डेस्कटॉप चिपांत एआयसाठी वेगळा भाग आहे, एनपीयू. त्याची क्षमता १३ टॉप्स (एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया). मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ संगणकासाठी किमान ४० टॉप्स लागतात. खोक्यावर एआय लिहिलं म्हणून ती सगळी वैशिष्ट्यं चालत नाहीत. तुमचं जकार्डचं सॉफ्टवेअर एनपीयू वापरतं का, हे ते बनवणाऱ्या कंपनीला विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या अक्षरांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मग घ्यायचं काय? आमचं मत स्पष्ट आहे: चिप निवडण्याआधी सॉकेट निवडा, आणि ते एएमडीचं एएम५. एएमडीने या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ असं जाहीर केलं आहे. आधीच्या एएम४ वर त्यांनी शब्द पाळून दाखवला. २०१७ च्या बी३५० बोर्डांवर बायोस अपडेटनंतर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालला. इंटेलच्या एलजीए १७०० ने बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या पाहिल्या आणि ते थांबलं. नोव्हा लेकसाठीही नवंच सॉकेट येणार अशा बातम्या आहेत. एएम५ घेतलं की भाच्याचा आग्रहही वाया जात नाही. तीन-चार वर्षांनी पुढची चिप स्वस्त झाली की फक्त तेवढीच बदलायची.

त्यावर रायझन ५ ७६०० पुरेसा आहे. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, घड्याळ ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत चढतं, पडदा चालवण्याइतके ग्राफिक्स आत आहेत आणि कूलर खोक्यातच येतो. तुमचा ७४०० जास्तीत जास्त ३.५ गिगाहर्ट्झला जातो आणि दर ठोक्याला कामही कमी करतो. एका कोअरच्या कामात नव्या चिपचा वेग साधारण दुपटीच्या आसपास जाईल. ७५००एफ स्वस्त दिसेल, पण ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्यावं लागेल. ९६००एक्स चांगला आहे, पण त्याच्यासोबत कूलर येत नाही. तो फरक रॅममध्ये घाला.

बोर्ड बी६५० चा घ्या. ए६२० स्वस्त असतो, पण काही ए६२० बोर्डांचा वीजपुरवठा ६५ वॅटच्या चिपांपुरताच बेतलेला असतो. पुढे मोठी चिप चढवायची म्हणून हे सॉकेट घ्यायचं आणि बोर्डच अडवायला बसायचा, हे टाळा. रॅम डीडीआर५ लागेल, तुमची जुनी डीडीआर४ यात चालणार नाही. ८ जीबीच्या दोन पट्ट्या किंवा १६ ची एक, यात आम्ही १६ ची एक म्हणू, म्हणजे भाव उतरल्यावर तशीच दुसरी लावता येईल. एका पट्टीने आतलं ग्राफिक्स थोडं मंद चालतं, तुमच्या द्विमितीय कामात ते खटकणार नाही. चार खाचा दिसल्या तरी चार पट्ट्यांचा बेत करू नका. चार लावल्या की एएम५ वर रॅमचा वेग बराच खाली येतो. पट्टी ६००० ची घेतली तरी सुरुवातीला ती ४८०० किंवा ५२०० वर चालते. पूर्ण वेगासाठी बायोसमध्ये जाऊन ‘एक्सपो’ हा पर्याय चालू करावा लागतो आणि बरेच जोडणारे ते विसरतात.

हार्डडिस्कऐवजी एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच्या खाचेत बसणारी वेगवान डिस्क), ५०० जीबी किंवा १ टीबी. पॉवर सप्लाय नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ, ४५० ते ५५० वॅट. जुन्या कॅबिनेटमधला बिननावाचा सप्लाय नव्या बोर्डाला जोडू देऊ नका, बचत दिसते ती बोर्डासकट जाते. रॅम फारच महाग पडली आणि बजेट तुटलं, तर दुसरा मार्ग आहे: इंटेल आय५ १२४०० आणि डीडीआर४ चा बी७६० बोर्ड, ज्यात तुमची जुनी ८ जीबी चालेल आणि वर आणखी एक लावता येईल. काम होईल, फक्त पुढच्या चिपची वाट तिथे बंद आहे. वापरलेल्या मालात तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय७, आय९ मात्र घेऊ नका. त्यांतल्या अनेक चिपांना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचं अपडेट) देऊन ते थांबवलं, पण आधी झालेली इजा त्याने भरून निघत नाही.

जोडणीच्या वेळी बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. दुकानात बरेच दिवस पडून राहिलेल्या बोर्डात जुना बायोस असतो आणि नवी चिप ओळखली जात नाही. ७६०० ला ही अडचण सहसा येत नाही, ९००० मालिकेला येते. बोर्डावर ‘फ्लॅशबॅक’ बटण असेल तर चिपशिवायही बायोस चढवता येतो: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून, बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेल्या नावाने फाइल ठेवून, खूण केलेल्या पोर्टात लावायचा आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकतो, पाच ते आठ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करायला सांगा. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात. वाकल्या तर वॉरंटी जाते, तेव्हा सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका, बोर्ड कंपनीकडे पाठवायची वेळ आली तर ते लागतं. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ ची ओळख पटवून घेताना पडदा काही मिनिटं काळा राहतो. यंत्र बिघडलं समजून लोक याच वेळी बटण बंद करतात. दहा मिनिटं हात लावू नका.

तुमच्या खोलीबद्दल काळजी वाटते ती प्रोसेसरपेक्षा जास्त. मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि शेजारी टेरी टॉवेलचे माग असतील तर सुताची लव हवेत सतत असते. ती हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते आणि हवा अडवते. ७००० मालिकेची चिप ९५ अंशांपर्यंत सुरक्षित चालते, त्यानंतर आपणहून वेग कमी करते. ऐन मोसमात दुपारी काम मंदावतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता दीड-दोन फूट उंच ठेवा. पुढे जाळी असलेलं घ्या, पुढून दोन पंखे हवा आत ओढणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा, म्हणजे फटींतून लव आत शिरणार नाही. जाळी दर आठवड्याला पुसा आणि दर पंधरा-वीस दिवसांनी ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने जोरात फिरली तर बेअरिंग खराब होतं. बायोसमध्ये तापमानाची मर्यादा ८५ अंशांवर आणली तर वेगात फरक जाणवणार नाही आणि पंख्याची घरघर कमी होईल.

विजेचंही तसंच. माग सुरू होताना मोटारी एकदम वीज ओढतात आणि त्याच लाइनवरचा संगणक झटका खातो. मीटरपासून संगणकासाठी वेगळी लाइन ओढून घ्या. वायरमनला मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, जास्त आला तर आधी अर्थिंग सुधारा. यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅट. ७६०० चा संगणक आणि मॉनिटर त्यावर आरामात चालतो. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बदलून टाका.

एक काम पैसे देण्याच्याही आधी करायचं आहे, आणि ते चुकलं तर वरचं सगळं फुकट जाईल. जकार्डच्या सॉफ्टवेअर कंपनीला फोन करून विचारा: आमची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का, डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळेल का? विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यावर ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. डोंगल प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारा असेल तर नव्या बोर्डावर ते पोर्टच नसतं, आणि यूएसबीचं कन्व्हर्टर डोंगलला चालत नाही. बदलून यूएसबी डोंगल मागावा लागेल. ड्रायव्हर चढला तरी ‘हा ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही’ असा संदेश आला, तर विंडोज सिक्युरिटीत ‘कोअर आयसोलेशन’खाली ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू आहे का बघा. जुने डोंगल ड्रायव्हर तिथे अडतात. ते बंद केलं की चालतं, पण सुरक्षा कमी होते. आधी नवा ड्रायव्हर मागा, नाहीच मिळाला तर हा उपाय.

बिल जीएसटी क्रमांकासह घ्या आणि त्यावर प्रोसेसर, बोर्ड, रॅमचे अनुक्रमांक लिहून मागा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला हवा, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा, ट्रेमधला दिला तर वॉरंटी फक्त विकणाऱ्याच्या शब्दाची. तुम्ही जीएसटीत नोंदलेल्या असाल तर १८ टक्के कराची वजावट मिळते का ते सीएंना विचारा. पुणे किंवा हैदराबादहून भाग मागवले तर थोडे स्वस्त मिळतीलही, पण बोर्ड मृत निघाला तर पाठवापाठवीत दहा-पंधरा दिवस जातात. निदान बोर्ड आणि पॉवर सप्लाय तरी सोलापुरातच घ्या.

नवं यंत्र येईपर्यंत हातातल्या ऑर्डरी अडू नयेत म्हणून जुन्या संगणकाला आत्ताच एक ५०० जीबीची सॅटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच केबलला जोडली जाणारी) लावून घ्या. एच११० बोर्डावर एनव्हीएमईची खाच सहसा नसते, म्हणून सॅटाच मागा. लावण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने हार्डडिस्कची तब्येत बघा. ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरांपुढे ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं, तर क्लोन (डिस्कची हुबेहूब प्रत) करण्याआधी सगळी डिझाइनं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, कारण अशी डिस्क क्लोनच्या ताणातच दगा देते. पुढे हीच एसएसडी नव्या संगणकात दुसरी डिस्क म्हणून लागेल. जुनं यंत्र विकायला काढू नका: त्याचं इंटरनेट कायमचं तोडा, त्यावर जुनं सॉफ्टवेअर तसंच ठेवा आणि नव्यावर डोंगल नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत तेच मागांसाठी फाइली काढायला वापरा.